आवळा, क्रोमियम आणि पांढऱ्या पेशी

३ डिसेंबर
मंडईत आवळा स्वस्त झालाय. टपोरा चकैया जातीचा सोडून मुद्दाम छोटा गावठी घेतला. तो जास्त तुरट, म्हणजे टॅनिनही जास्त असावं, असा आपला माझा अंदाज. लोखंडी विळीवर चिरला तर फोडी काळ्या पडतात, म्हणून स्टीलची सुरी वापरली. वाटून, गाळून रस फ्रीझ-ड्राय करायला लावला. उरलेले आवळे मीठ लावून सगळ्यांनी फस्त केले, प्रयोगशाळेच्या बाहेर अर्थात.

५ डिसेंबर
दिवसभर वाचन. दिल्लीच्या डिपास या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मंडळींचं २००२ सालचं काम पुन्हा काढलं. षट्संयुजी क्रोमियमने लिम्फोसाइट्स मरतात, त्यांची वाढ खुंटते, इंटरल्युकिन-२ आणि गॅमा इंटरफेरॉन हे त्यांचे निरोपे आटतात. सोबत आवळ्याचा अर्क असला की पेशींचं मरण आणि डीएनएचे तुकडे होणं थांबतं, निरोपेही बऱ्यापैकी परत सुरू होतात. च्यवनप्राशच्या जाहिरातवाल्यांना यापुढचं काही वाचायची गरज वाटत नाही. मला वाटते. आवळा पेशीला बळ देतो, की विषालाच दारात गाठतो?

९ डिसेंबर
सहकाऱ्याच्या रक्तातून पेशी वेगळ्या केल्या. फायकॉल या जड द्रावणावर रक्त हलक्या हाताने सोडायचं, फिरवायचं, मधे जो धुरकट पट्टा जमतो तो अलगद उचलायचा. त्यांना विभाजनाला लावायला फायटोहीमॅग्लुटिनिन. हे राजम्यातलं प्रथिन लिम्फोसाइट्सना जागं करतं हे पीटर नॉवेल यांना १९६० मध्ये कळलं, तेही रक्तातल्या तांबड्या पेशी बाजूला काढण्यासाठी ते वापरत असताना. वनस्पतीतली वस्तू रोगप्रतिकारक पेशींवर परिणाम करते, यात नवल असं काही नाहीच. कच्चा राजमाही करतो, पण तेवढ्यावरून तो कोणी पौष्टिक समजून खात नाही.

१० डिसेंबर
आज फक्त रिकाम्या खाचा तपासल्या. माध्यम आहे, अर्क आहे, एमटीटी आहे, पेशी मात्र एकही नाही. तरी जांभळं झालं!

१९८३ पासून वापरात असलेली ही चाचणी साधी आहे: जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्मझान करतात, जितकं जांभळं तितक्या पेशी जिवंत. पण हेच काम क-जीवनसत्त्व आणि वनस्पतींतली पॉलिफिनॉल्सही परस्पर करतात. म्हणजे अर्क धुऊन न काढता रंग मोजला, तर मेलेल्या पेशींच्या खाचेतही आवळा ‘संरक्षण’ दाखवणार. विद्यार्थ्यांना सांगितलं, आधी पेशी धुवा, मग एमटीटी घाला, आणि ट्रिपॅन ब्लू लावून सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. ते कंटाळवाणं असतं, असू दे.

अर्कात जिवाणूंचं एंडोटॉक्सिन आहे का तेही बघायला हवं. तुरळक असलं तरी पेशी चेकाळतात आणि श्रेय आवळ्याला जातं.

१२ डिसेंबर
पेशी बाजूला ठेवून नुसतं डायक्रोमेट, म्हणजे षट्संयुजी क्रोमियम, आणि आवळा एकत्र केले. डायफिनिलकार्बाझाइड घातलं की षट्संयुजी क्रोमियम किरमिजी रंग देतं. अर्कासोबत काही वेळ राहिलेल्या नमुन्यात रंग उमटलाच नाही. आवळ्याने त्याचं त्रिसंयुजी क्रोमियम करून टाकलं होतं. हे महत्त्वाचं, कारण षट्संयुजी क्रोमियमच्या क्रोमेट रूपाचा घाट सल्फेटसारखा. सल्फेटच्याच वाटेने तो पेशीत घुसतो. त्रिसंयुजी क्रोमियमला तो दरवाजा जवळपास बंद.

गंमत पुढेच आहे. क्रोमेट एकदा आत शिरला की तिथलं क-जीवनसत्त्वच त्याचं क्षपण करतं आणि त्यातून होणारं क्रोमियम डीएनएला चिकटतं. म्हणजे तोच रेणू बाहेर पहारेकरी आणि आत अपघाताला हातभार लावणारा. तेव्हा खरा प्रयोग असा: पेशींना आधी अर्कात ठेवायचं, अर्क पूर्ण धुवायचा, मगच क्रोमियम द्यायचं. तरीही पेशी तगल्या, तर पेशीला काही मिळालं असं म्हणता येईल. एकाच बशीत सगळं मिसळून निघालेल्या निष्कर्षाला मी ‘रोगप्रतिकारशक्ती’ म्हणणार नाही.

१६ डिसेंबर
मामीचा फोन. तिचा भाचा पिंपरी-चिंचवडकडे क्रोम प्लेटिंगच्या शेडमध्ये लागलाय. तुझं क्रोमियमचं काम चाललंय ना, मग त्याला रोज आवळ्याचा रस देऊ का? म्हटलं, द्या की, चांगलं फळ आहे. पण मामी, टाकीवरचं धुकं नाकातून छातीत जातं, आणि आवळा पोटात जातो. षट्संयुजी क्रोमियम माणसात कर्करोग करतं, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९० मध्येच नोंदवलंय. रसाचं नंतर बघू. त्याच्या शेडमधला एक्झॉस्ट चालू असतो का आणि त्याला नीट बसणारा मास्क दिलाय का, हे आज रात्रीच विचारा.