चकाकी घासून येते

12 जानेवारी, सोमवार
गुरुजींच्या पद्मिनी गाडीच्या बॉनेटवर शुक्रवारी क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मारलं होतं. आज कडेच्या आतल्या बाजूला नख दाबून पाहिलं, वण उठला नाही. थिनरचा वासही गेलाय. घासायची हीच वेळ. फार दिवस ठेवलं तर क्लिअर दगडासारखं होतं आणि बफिंगला जीव जातो. घाई केली तर आत राहिलेला थिनर नंतर उडतो, थर आक्रसतो आणि बुजलेले ओरखडे पुन्हा वर दिसू लागतात.

ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बॉनेटवर वेडंवाकडं पडत होतं. संत्र्याच्या सालीसारखा पोत होता, एका जागी बारीक ओघळही. 1500 चा वॉटर पेपर भिजवून रबरी ठोकळ्यावर घेतला. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या रेघा खोल जातात. पाण्यात साबणाचे दोन थेंब. घासताना निघणारं पाणी दुधाळ आहे तोवर क्लिअरच निघतंय. त्यात निळी झाक आली की खालच्या रंगापर्यंत पोचलो, मग ते पॅनल पुन्हा मारण्यावाचून इलाज नाही.

"काका, कड बी घेऊ काय?" हाताखालच्या पोरानं विचारलं.
"आधी टेप मार. कडंला क्लिअर पातळ असतंय."

13 जानेवारी, मंगळवार
आज 2000 आणि मग 3000. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदलली. कालच्या रेघा उभ्या, 2000 च्या आडव्या. उभी एकही दिसेनाशी झाली तरच पुढचा पेपर हातात घ्यायचा. 1500 च्या पेपरचा कण साधारण 12.6 मायक्रॉनचा, 2000 चा 10.3. फरक एवढासा, पण मधली पायरी गाळली तर त्याच रेघा काढायला मशीन दुप्पट वेळ फिरवावं लागतं, आणि तेवढं क्लिअर जास्त जातं.

संध्याकाळी बॉनेट सगळीकडे सारखंच धुरकट दिसत होतं. नवख्याला वाटेल, रंगाची वाट लागली. उजेड अगणित बारीक रेघांवर विखुरतो म्हणून तसं दिसतं. रंग खाली शाबूत आहे.

15 जानेवारी, गुरुवार
काल संक्रांतीची सुट्टी. आज बफिंग. लोकरी पॅड, कंपाउंडचे चार ठिपके, मशीन मिनिटाला 1200 ते 1500 फेऱ्यांवर. दोन हात जागेतच काम करायचं, एका ठिकाणी थांबायचं नाही. अधूनमधून तळहात टेकवून पाहायचं. पत्रा कोमट चालेल, चटका बसता कामा नये. बॉनेटच्या मधल्या उंचवट्यावर टेप ठेवूनच शेजारचं काम केलं, तो भाग शेवटी हातानं घेतला.

पहिल्याच पट्ट्यात पत्र्याचं छप्पर स्पष्ट उमटलं. पोरगं बघतच राहिलं.

16 जानेवारी, शुक्रवार
गाडी उन्हात काढली. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं बॉनेट पुसलं. कंपाउंडमधलं तेल रेघा बुजवून ठेवतं, ते निघाल्यावरच खरं काम दिसतं. लोकरीच्या पॅडची गोल वलयं उरली होती. डीए, म्हणजे दुहेरी गतीच्या, मशीनवर मऊ फोम आणि बारीक पॉलिश घेऊन ती काढली. जाडी मोजायच्या गेजनं आधी आणि नंतर मोजलं, साधारण 8 मायक्रॉन गेले. क्लिअर एकूण 50 च्या आसपास असतं, आणि उन्हापासून रंग राखणारं रसायन त्याच थरात असतं. म्हणून आणखी चमकवायचा मोह इथेच आवरला.

गुरुजी आले. "आता वरून वॅक्स मारून टाका की."
"दोन महिने थांबा, गुरुजी. क्लिअर अजून आतून सुकतंय, त्याला मोकळं राहू द्या."

गाडी रंगवायला दिलीत तर ताब्यात घेताना ट्यूबलाइटखाली पाहून समाधान मानू नका. बॉनेट अल्कोहोलनं पुसायला सांगा आणि भर उन्हात तिरकं बघा. तिथे जी चमक टिकते, तेवढीच कामाची.