पक्षाला हिशोब नाही

2024 च्या लोकसभेला आमच्या रोहण्यात, म्हणजे वर्धा मतदारसंघात, 26 एप्रिलला मतदान झालं. नेमका जुम्मा. उमेदवाराला खर्चाची मर्यादा 95 लाख; पक्षाला मर्यादाच नाही! 1974 मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या नावे धरला, तर सरकारने त्याच वर्षी कायदाच बदलून टाकला. इथे रमजानमध्ये साधा किराणावालाही जकातीसाठी गल्ला मोजून अडीच टक्के बाजूला काढतो. निवडणूक रोखे 15 फेब्रुवारी 2024 ला रद्द झाले, देणाऱ्यांची नावं मार्चमध्ये कळली. वटवलेला पैसा मात्र पक्षांकडेच राहिला. तो जप्त करा म्हणणारी याचिकाही ऑगस्टमध्ये फेटाळली गेली.