डिस्क कोरी आहे म्हणे!

तुम्ही आयटीत आहात ही बातमी नातेवाइकांत एकदा फुटली की संपलंच! मग तुम्ही टेस्टिंग करत असा, पेरोलचं सॉफ्टवेअर सांभाळत असा, नाहीतर दिवसभर एक्सेलच्या रकान्यांत मान घालून बसत असा. घरच्यांच्या लेखी तुम्ही फक्त ‘कॉम्प्युटरवाले’. आत्याचा प्रिंटर कागद खातो? हिला बोलवा. काकांचा पासवर्ड हरवला? हिला फोन लावा. माझ्या बाबतीत हा मान जव्हारच्या मामाने फार पूर्वीच देऊन टाकलाय. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी ऐन मीटिंगमध्ये त्याचा फोन वाजला, तेव्हा विषय काय असणार हे ओळखायला ज्योतिषी लागत नव्हता.

“अगं, नवीन डीव्हीडी ड्राइव्ह बसवलाय. डिस्क घातली की तो गायबच होतो!”

आता तुम्ही म्हणाल, आजच्या काळात डीव्हीडी ड्राइव्ह कोण बसवतं? बरोबर आहे. 1982 मध्ये बाजारात आलेली सीडी आणि तिच्यामागून नव्वदच्या दशकात आलेली डीव्हीडी, दोघींची सद्दी कधीच संपलीय. 2008 च्या मॅकबुक एअरने ड्राइव्हची खाच काढून टाकली, तेव्हा लोक हसले होते. आता खाच असलेला लॅपटॉप शोधून दाखवा! पोस्टाने डीव्हीडी भाड्याने देत मोठी झालेली नेटफ्लिक्स 2023 च्या सप्टेंबरमध्ये त्या धंद्यातून बाहेर पडली. सोनीने तर 2025 च्या फेब्रुवारीत कोऱ्या ब्लू-रे डिस्क आणि त्यांच्यासोबत मिनी-डीव्ही कॅसेटचंही उत्पादन थांबवलं.

पण मामाचा जव्हारमध्ये फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, शाळांची गॅदरिंग्ज, बोहाडा... वीसेक वर्षांत त्याने जे जे शूट केलं ते सगळं डिस्कवर. आणि त्या डिस्क घेऊन लोक अजून त्याच्याकडेच येतात. जुना ड्राइव्ह गेला, म्हणून त्याने हजार-बाराशे रुपये मोजून नवा आणला.

धुक्यातलं ‘कॉल सेंटर’

शनिवारी पहाटे ठाण्याहून निघाले. भिवंडी, वाडा, विक्रमगड आणि मग घाट. पावसाळ्यात जव्हारचा रस्ता म्हणजे धुक्यातून काढलेली रेघ. आपल्या ऑफिसमधल्या मंडळींना जव्हार-मोखाडा आठवतं ते दोनच वेळी. एक, जुलैमध्ये दाभोसा धबधब्याची ट्रिप ठरते तेव्हा. दुसरं, पेपरात कुपोषणाची बातमी येते तेव्हा. इथे मुकणे घराण्याचं संस्थान होतं, 1918 पासून नगरपालिका आहे, आणि आपण मुंबईत ज्या पाण्याने आंघोळ करतो त्यातलं काही मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणातून येतं, हे कुणाच्या गावीही नसतं. 2014 मध्ये ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला, तेव्हापासून तर अनेकांच्या डोक्यातला नकाशाच गडबडलाय!

स्टुडिओत पोहोचले तर तिथे मामा, त्याचा मदतनीस पोरगा आणि बाकावर एक तिशी ओलांडलेला माणूस. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत फडकं, फडक्यात एक डिस्क.

“हा खोडाळ्याकडचा,” मामा म्हणाला. “वसईला कंपनीत असतो. याच्या वडलांचा तारपा आहे त्या डिस्कवर.”

2007 च्या दिवाळीत मामाने त्यांच्या पाड्यावर जाऊन तारपा नाच शूट केला होता. वडील नावाजलेले तारपकरी. चारच वर्षांनी ते गेले. मिनी-डीव्हीची मूळ कॅसेट मामाने पुढच्या लग्नसराईत पुन्हा वापरून टाकली होती. तेव्हा सगळेच स्टुडिओवाले तसं करत. म्हणजे त्या माणसाचा तारपा जगात एकाच ठिकाणी उरला होता, त्या फडक्यात.

विषय हजार-बाराशेच्या ड्राइव्हचा नव्हता तर!

एका वेळी एकच

गावातल्या एका रिपेअरवाल्याने आदल्या दिवशीच निकाल देऊन ठेवला होता: “पीस डिफेक्टिव्ह आहे, बदलून आणा.” मदतनीस पोराचं म्हणणं, ड्रायव्हर टाकायला हवा. शेजारच्या दुकानातले काका डोकावून सांगून गेले, “टूथपेस्ट लावून पुसा, एकदम चकाचक.” प्रत्येकाकडे उत्तर तयार. प्रश्न नीट कुणी विचारलेलाच नाही! आपल्या ऑफिसात तरी दुसरं काय होतं?

ट्रबलशूटिंगचा नियम साधा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. मी कॉम्प्युटर चालू केला. ‘माय कॉम्प्युटर’मध्ये ड्राइव्ह दिसत होता. अर्धा तास रिकामा ठेवला, तरी जागचा हलला नाही. मग ट्रेमध्ये एका सिनेमाची विकतची डीव्हीडी ठेवली. घर्रर्र... दिवा लुकलुकला आणि ड्राइव्ह यादीतून गायब. दहा सेकंदांनी परत हजर. पुन्हा घर्रर्र, पुन्हा गायब.

ड्रायव्हरचा दोष असता तर ड्राइव्ह रिकामा असतानाही कुरकुरला असता. शिवाय अशा ड्राइव्हचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतोच. मग डिस्क घातल्यावर नेमकं बदलतं काय? मोटर फिरायला लागते. पूर्ण वेगात असताना डीव्हीडी मिनिटाला हजारो फेरे घेते, आणि थांबलेली चकती त्या वेगाला नेताना ड्राइव्हला एकदम जास्त वीज लागते. नेमकी तीच मिळत नसेल तर?

कॅबिनेट उघडलं. जुना ड्राइव्ह रुंद पट्टीच्या केबलचा, नवा साटाचा. जुन्या एसएमपीएसला साटाचे प्लग मोजकेच, म्हणून बसवणाऱ्याने मध्ये एक छोटा कनव्हर्टर लावला होता. तो हाताने हलवला तर चक्क डुगडुगला! आतली एक पिन ढिली. एका बंद पडलेल्या हार्ड डिस्कला लावून ठेवलेला साटाचा प्लग काढला आणि थेट ड्राइव्हला लावला. सिनेमा सुरू! गाण्यांची सीडी सुरू! ‘डिफेक्टिव्ह’ ड्राइव्ह ठणठणीत निघाला.

मामाने चहा सांगितला. बाकावरच्या दादाने फडकं उलगडलं.

खरा धक्का

डिस्क आत गेली. दिवा लुकलुकला, थांबला. स्क्रीनवर एक खिडकी उघडली. डिस्क कोरी आहे आणि तिचा वापर कसा करायचाय, असं विंडोज मोठ्या अदबीने विचारत होतं. खाली ‘नेक्स्ट’चं बटण. मदतनीस पोराचा हात सवयीने माउसकडे गेला...

“थांब!” मी ओरडलेच. ते बटण दाबलं की विंडोज ती डिस्क लिहिण्यासाठी तयार करायला घेतं. अशा एकुलत्या एका डिस्कवर काहीही लिहिणं म्हणजे घरात हरवलेली अंगठी शोधताना लादी उखडण्यासारखं.

“ताई, कोरी कशी असेल?” दादाचा आवाज बसला होता. “आम्ही सगळ्यांनी इथंच बघितली होती. पूर्ण पाडा आला होता.”

आता पुन्हा तोच नियम. ड्राइव्हला घरी लिहिलेल्या डिस्क वाचता येतात का? कारखान्यात बनणाऱ्या सिनेमाच्या डिस्कवर खड्डे ठशाने उमटवलेले असतात. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो आणि लेझरने तो जागोजागी काळवंडतो. अशी डिस्क वाचणं ड्राइव्हला थोडं जड जातं. मामाच्या कपाटातली 2009 ची एका लग्नाची डिस्क लावली. लग्न सुरळीत लागलं! म्हणजे ड्राइव्ह निर्दोष. प्रश्न या एका डिस्कचा.

मग सगळ्यात सोपी टेस्ट. डिस्क कडेने धरली, चमकती बाजू खिडकीच्या उजेडात तिरकी केली. मधल्या भोकापासून बाहेरच्या बाजूला एक गडद पट्टा स्पष्ट दिसत होता आणि त्यापुढे फिकट कडा. कोऱ्या डिस्कवर असा पट्टा नसतो. लेझर तिथून फिरून गेलेला होता. ओरखडेही नव्हते. टूथपेस्टवाल्या काकांचा सल्ला मनोमन परत केला!

“मामा, ही डिस्क तू कॉम्प्युटरवर बनवली होतीस का?”

मामाने डोकं खाजवलं. “नाही गं. तेव्हा तो टीव्हीखाली ठेवायचा रेकॉर्डर होता माझ्याकडे. कॅमेरा जोडायचा, थेट डिस्कवर उतरायचं. त्या दिवशी उतरवून झालं आणि लाइट गेली.”

2007 चं भारनियमन आठवतंय? खेड्यापाड्यांत तर लाइट किती तास असते ते मोजायचे दिवस. कोडं सुटलं. अशा रेकॉर्डरवर शूटिंग उतरलं की शेवटी डिस्क ‘फायनलाइज’ करावी लागायची. पुस्तक छापून झालंय, पण अनुक्रमणिका आणि पुठ्ठा राहिलाय, असं समजा. ज्या रेकॉर्डरने ते लिहिलं, त्याला आपलं पुस्तक वाचता येतं. म्हणूनच त्या दिवाळीत लाइट परत आल्यावर पाड्याने ते याच स्टुडिओत पाहिलं. परक्या ड्राइव्हला मात्र अनुक्रमणिका सापडत नाही आणि तो बिनदिक्कत सांगतो, पुस्तक कोरं आहे! पाड्यावर डीव्हीडी प्लेअर नव्हता, त्यामुळे अठरा वर्षं हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. आणि तो रेकॉर्डर? भंगारात.

तारप्याकडे पाठ करायची नाही

डिस्क फायनलाइज करायच्या फंदात न पडता ती फक्त वाचायची असं ठरवलं. आयसोबस्टरसारखी सॉफ्टवेअर्स अनुक्रमणिकेची वाट बघत बसत नाहीत. डिस्कवर जे लिहिलंय ते तुकड्यातुकड्याने शोधतात. प्रत्येक ड्राइव्हला हे जमतंच असं नाही, एकाने हात टेकले तर दुसरा लावून बघावा लागतो. आमचं नशीब, मामाचा नवा ड्राइव्ह तयार झाला. मामाने यूपीएस जोडला आणि उदबत्तीही लावली. म्हटलं, असू दे!

तीन तास लागले. मध्येच ड्राइव्ह अडायचा, मागे जायचा, वेग कमी करून पुन्हा प्रयत्न करायचा. तेवढ्या वेळात दादा बोलत होता. तारपा दुध्या भोपळ्याचा, बांबूचा, मेणाने जोडलेला. वाजवताना श्वास तुटू द्यायचा नाही, ओढत-सोडत सुरू ठेवायचा. नाचणारे हातात हात घालून फिरतात, पण तारपकऱ्याकडे कुणी पाठ करत नाही. चाली कुठे लिहिलेल्या नसतात. ऐकायच्या आणि उचलायच्या.

“वसईला गेलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. शिकायचं राहिलं,” तो म्हणाला. “आता पोरगा मागं लागलाय. तारपा आहे घरात. वाजवू काय?”

शेवटची काही मिनिटं हाताला लागली नाहीत. कडेकडचा भाग वाचलाच गेला नाही. पण एक्केचाळीस मिनिटं मिळाली. चित्र फिकट, आवाज मात्र खणखणीत. दादाने स्क्रीनकडे फारसं बघितलंच नाही. डोळे मिटून मांडीवर बोटं हलवत होता. भोकांवरची बोटं! मध्ये एके ठिकाणी वडील थांबून खोकतात आणि कुणा पोराला रांग धरायला सांगतात. तेवढे सहा-सात सेकंद त्याने चार वेळा लावायला सांगितले. तो पोरगा तोच होता.

फाइल त्याच्या फोनवर टाकली, एक पेनड्राइव्हवर, एक मामाच्या हार्ड डिस्कवर. मूळ डिस्क पुन्हा फडक्यात.

परत येताना मनात आलं, आपल्या घरीही अशी फडकी असतीलच. लॉफ्टवरच्या खोक्यात, शोकेसच्या मागे, आईच्या साड्यांखाली. ताईचं लग्न, आजोबांची पंच्याहत्तरी, कॉलेजचं शेवटचं गॅदरिंग. आपण समजतो, डिस्क आहे म्हणजे आठवण आहे. तसं नसतं. डिस्क, ती वाचणारा ड्राइव्ह आणि ती कशी बनली हे सांगणारा मामा, तिघं एकत्र असतील तरच आठवण असते. आणि यातलं कुणीच कायमचं नाही.

तेव्हा मंडळी, येत्या वीकेंडला मॉल राहू दे. एखादा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळवा आणि खोकं खाली काढा. एकेक डिस्क लावा, कॉपी करा, दोन ठिकाणी ठेवा. एखाद्या डिस्कला कॉम्प्युटर ‘कोरी’ म्हणाला, तर कुठलंही बटण दाबू नका. आधी ती खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकी धरा. पट्टा दिसला, तर आत कुणीतरी आहे.