पाच वाजताचे मजूर

येशूचे बहुतेक दृष्टांत भाविकांना आवडतात. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा मात्र अनेकांना रुचत नाही. सामान्य काळाच्या पंचविसाव्या रविवारी हा उतारा तीन वर्षांतून एकदा वाचला जातो आणि मिस्सा संपल्यावर कुणी ना कुणी चर्चच्या आवारात गाठून म्हणतंच, "फादर, हा काही न्याय नव्हे."

ही गोष्ट फक्त मत्तयच्या शुभवर्तमानात आहे, विसाव्या अध्यायात. मळ्याचा धनी पहाटे बाजारात जातो आणि एक दिनार रोज ठरवून मजूर आणतो. दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. नऊला, बाराला आणि तीनला तो पुन्हा जातो. सूर्य मावळायला तासभर उरलेला असताना, पाचच्या सुमारास, आणखी एकदा जातो. संध्याकाळी कारभारी पैसे वाटतो ते शेवटी आलेल्यांपासून. तासभर राबलेल्याला एक दिनार मिळतो आणि दिवसभर ऊन सोसलेल्यालाही एकच.

प्राचीन भाष्यकारांनी या पाच वेळांचे सुंदर अर्थ लावले. ओरिजेनने आणि पुढे पोप संत ग्रेगरींनी त्यांत जगाच्या इतिहासाची पाच पर्वं पाहिली: आदाम, नोहा, अब्राहाम, मोशे आणि ख्रिस्त यांच्यापासून सुरू होणारी. बालपणापासून म्हातारपणापर्यंतचे आयुष्याचे टप्पेही त्यांना त्यात दिसले. म्हातारपणी देवाकडे वळलेल्यालाही स्वर्ग तोच, हा अर्थ तिथून आला. तो मला मनापासून मान्य आहे. पण आपण प्रवचनकार तिथे फार घाईनं पोहोचतो. संत थॉमस अक्वायनस यांनी स्पष्ट सांगून ठेवलं आहे की, बायबलचे सगळे आध्यात्मिक अर्थ शब्दार्थाच्या पायावर उभे असतात. म्हणून आधी मळ्यात थांबायला हवं.

पाच वाजता बाजारात उरतं कोण? अनेक प्रवचनांत त्यांना आळशी ठरवलेलं मी ऐकलं आहे. दृष्टांतात मात्र ते स्वतःच कारण सांगतात: आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. वसई-नालासोपाऱ्याच्या नाक्यांवर सकाळी थापी, घमेलं किंवा रंगाचे ब्रश घेऊन उभी राहिलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे उत्तर समजावून सांगावं लागत नाही. मुकादम आधी तरणी, धडधाकट माणसं उचलतो. मागे राहतात म्हातारे, अशक्त आणि लेकुरवाळ्या बाया. मत्तयने तसं लिहिलेलं नाही, पण मला त्या बाजारात तेच चेहरे दिसतात. त्यांना तासाच्या हिशेबानं दिनाराचा बारावा हिस्सा मिळाला असता, तर त्या रात्री घरी चूल पेटली नसती. धनी तास मोजत नाही, तो घरचं पोट पाहतो. पहिल्यांचा ठरलेला रोजही बुडवत नाही. देवाची कृपा अशी आहे, असं येशू सांगतो.

हा दृष्टांत कुणाला सांगितला, तेही पाहावं. आधीच्या अध्यायाच्या अखेरीस पेत्र विचारतो की, सर्वस्व सोडून मागे आलेल्या आम्हाला काय मिळणार. दृष्टांत संपून काही ओळी होतात न होतात, तोच जब्दीच्या मुलांची आई त्यांच्यासाठी येशूच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागते. दोन मागण्यांच्या मधोमध ही गोष्ट बसवलेली आहे. म्हणजे ती पाच वाजता आलेल्यांसाठी नाही, पहाटेपासून राबणाऱ्यांसाठी आहे. आम्हा धर्मगुरूंसाठी आणि दर रविवारी पुढच्या बाकावर बसणाऱ्यांसाठी.

१८६० साली जॉन रस्किनने अर्थशास्त्रावरच्या आपल्या निबंधांना 'अन्टू धिस लास्ट' हे नाव दिलं, ते मळ्याच्या धन्याच्या तोंडचं. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गांधीजींनी आगगाडीत ते पुस्तक वाचलं आणि फिनिक्सची वसाहत उभी केली. १९०८ मध्ये त्यांनी त्याचा सारांश गुजरातीत आणला आणि त्याचं नाव ठेवलं 'सर्वोदय'. पुढे विनोबांनी देशभर पायी नेलेल्या विचाराचं एक मूळ या द्राक्षमळ्यात आहे.

कॅथलिक चर्चनेही हा धागा सोडलेला नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात बजावलं की, मजूर आणि मालक यांच्यात करार झाला म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही. साधेपणानं राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह तिच्यावर झाला पाहिजे. पोटासाठी त्यानं नाइलाजानं कमी पैसे पत्करले, तर तो अन्यायच. द्राक्षमळ्याचा दृष्टांत हा कामगार कायदा नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. पण जो देव मजुराच्या रात्रीच्या जेवणाची काळजी वाहतो, त्याच्या कृपेवर प्रवचन देताना मजुरीचा विषय टाळणं मला पटत नाही.

मोशेच्या नियमशास्त्रात, 'अनुवाद' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात, गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत देण्याची आज्ञा आहे, मग तो स्वकीय असो वा परका. दिवाळीच्या रंगकामाचे, साफसफाईचे किंवा शिवणाचे कुणाचे पैसे तुमच्याकडे राहिले असतील, तर ते आज संध्याकाळच्या आत देऊन टाका.