पंचेचाळीस किलोमीटर

परवा घरातल्या लेकराने मोबाइलवर नकाशा उघडून दौंडपासून शिरूरपर्यंत सरळ रेघ ओढली. सुमारे ४५ किलोमीटर भरले. रस्त्याने हेच अंतर साठीच्या पुढे जाते. आम्ही भावंडे तो आकडा बघत राहिलो. तो बघायला अम्मी हवी होती. तिची मोठी बहीण, आमची खालाजान, शिरूरला दिलेली.

दौंड जंक्शनचे गाव. १८७८ साली मनमाडची लाइन इथे येऊन मिळाली आणि दौंडहून उत्तरेची वाट खुली झाली. अब्बा रेल्वेत होते, त्यामुळे घरात पास होता. आमच्या लहानपणी पुण्याहून येणाऱ्या झेलम एक्स्प्रेसचे इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावत. त्या गाडीत एकदा बसले की जम्मूपर्यंत जागा सोडायला नको. शिरूरला मात्र रेल्वे नव्हती, आजही नाही. दोन्ही तालुक्यांच्या मध्ये भीमा. रस्ता आधी पश्चिमेला पाटस, चौफुल्याकडे जातो, मग उत्तरेला वळून केडगाव, पारगाव करीत पूल ओलांडतो आणि न्हावऱ्यावरून शिरूरला पोहोचतो. दोनदा एसटी बदलायची. म्हणून अम्मीचे जाणे ईदेला किंवा लग्नाकार्यालाच व्हायचे.

एका पावसाळ्यात सकाळीच निरोप आला, खालाजानचा इंतकाल झाला. मय्यत जोहरनंतर उठणार होती. स्टँडवर कोणीतरी म्हणाले, पारगावच्या पुलावर पाणी आहे. आम्ही खात्री केली नाही. पुण्याची गाडी फलाटावर उभी होती आणि खिशात पास होता. रेल्वेने ७६ किलोमीटर उलटे पुण्याला गेलो आणि तिथून नगर रस्त्याच्या एसटीने शिरूर गाठले. ४५ किलोमीटरसाठी सुमारे १४० किलोमीटर फिरलो.

पोहोचलो तेव्हा असरची अजान होत होती. माती देऊन लोक परतले होते. अम्मीला कब्रस्तानात जायचे नव्हतेच. तिला फक्त आपाचे तोंड पाहायचे होते. शिरूरच्या लोकांनी अर्धा तास वाट पाहिली होती. त्याहून जास्त कसे थांबणार? मय्यत लवकर उचलावी, हे आम्हालाही ठाऊक होते.

पूल दिवसभर चालू होता, हे आम्हाला चार दिवसांनी कळले. अम्मीला ते आम्ही कधी सांगितले नाही. तिला दुसरीकडून कळले असेल, तर तीही आम्हाला बोलली नाही.

शिरूर घोड नदीच्या काठावर आहे, म्हणून जुनी माणसे त्याला घोडनदीच म्हणतात. ती नदी चिंचणीच्या धरणात अडते, पुढे भीमेला मिळते आणि भीमा दौंडला येते. पावसाळ्यात पाणी चढले की अम्मी आम्हाला पुलाकडे घेऊन जायची आणि म्हणायची, "देखो, आपा के गाँव का पानी आया." खालाजान गेल्यावरही ती जात राहिली, पण तेव्हा काही बोलत नसे.

लेकराने विचारले, "दादी का गाँव इतना पास था, तो आप लोग जाते क्यूँ नहीं थे?" आम्ही त्याला भीमा दाखवली, पूल दाखवला, चौफुल्याचे वळण दाखवले. पासाचे मात्र सांगितले नाही. ते इथे लिहून ठेवतो आहोत.