विकतची हिरवळ

गवत विकत घ्यावे लागते आणि तेही फुटावर मोजून, असे माझ्या वडिलांना कुणी सांगितले असते, तर त्याला ऊन लागले आहे असे समजून त्यांनी त्याला सावलीत बसवले असते. त्यांचा सारा जन्म गवत उपटण्यात गेला. आमच्या पूर्णेला लोक ओळखतात ते रेल्वेच्या जंक्शनमुळे; पण स्टेशन मागे टाकून शिवारात शिरावे, म्हणजे खरी पूर्णा भेटते. काळी, चिकट, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी जमीन, आणि त्या जमिनीत हरळी. नांगरट झाली की वडील भर उन्हात हरळीच्या काशा वेचीत, बांधावर ढीग घालून जाळीत. आणि मृगाचा पाऊस पडला की हरळी पुन्हा हजर! "ही आपल्याला पोचवूनच जाईल," असे ते म्हणत. झालेही तसेच.

त्याच वडिलांच्या घरामागे माझ्या चिरंजीवांनी पोहण्याचा हौद बांधला. चिरंजीव पुण्यास असतात. "मुलांना पूर्णेत करमत नाही, बाबा. हौद केला तर मे महिनाभर राहतील," असे ते म्हणाले आणि मी विरघळलो. नातवंडे राहतील म्हटल्यावर कोणता आजोबा विरघळत नाही? हौद ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल. म्हणजे ४० हजार लिटर पाणी. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. त्या मराठवाड्यात बसून हा आकडा उच्चारताना माझी जीभ अडखळली. निदान मनाच्या समाधानासाठी मी एक अट घातली: भोवती लॉन नको. त्याला रोज पाणी कोण घालणार?

"लॉन नाही, टर्फ. पाण्याचा थेंब लागत नाही त्याला!"

मग त्यांनी मला इतिहास सांगितला. अमेरिकेत ह्यूस्टनला १९६५ साली छप्पर असलेले प्रचंड क्रीडागृह उघडले. छपराच्या तावदानांतून येणाऱ्या झगमगाटात खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून तावदाने रंगवली. ऊन तुटले तशी खालची हिरवळ मेली, आणि १९६६ साली तिथे प्लास्टिकचे गवत अंथरले. त्याचा पुढचा प्रताप मला ठाऊक होता. १९७५ साली आपण हॉकीचे जगज्जेते झालो, आणि पुढच्याच वर्षी माँट्रिअलच्या ऑलिंपिकमध्ये, या कृत्रिम गवतावर, सातवे आलो. तेव्हापासून या वस्तूवर माझा थोडा राग होताच. पण पाणी लागत नाही म्हटल्यावर मी तो गिळला.

मार्चमध्ये माणसे आली. त्यांनी हौदाभोवतीची वीतभर काळी माती हरळीसकट उपसली. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, तिच्यावर काही टिकत नाही. मग मुरूम दाबला, बारीक खडी पसरली, तण येऊ नये म्हणून कापड घातले, वर हिरव्या गुंडाळ्या उलगडून कडा चिकटवल्या आणि पात्यांत वाळू झाडून भरली. दोन दिवसांत घरामागे काश्मीर अवतरले. ओल्या पायांनी हौदात चिखल जाण्याची भीती संपली. मी खूश झालो, हे कबूल केले पाहिजे.

मे उजाडला. नातवंडे आली. पहिल्याच दुपारी धाकटा हौदातून बाहेर आला आणि किंचाळत पुन्हा पाण्यात पडला. तळपायाला फोड! प्लास्टिकचे गवत भर उन्हात ६० अंशांच्याही पुढे तापते. खऱ्या गवताच्या पात्यातून ओल उडून जाते आणि ते स्वतःला निववीत असते. या बिचाऱ्याजवळ ओल कुठली? मग मुले उतरण्याआधी मी रोज नळी घेऊन उभा राहू लागलो. दहा मिनिटे फवारले की थंड. अर्ध्या तासात पुन्हा तवा. चौकशी करता कळले की हॉकीच्या मैदानांवरही सामन्याआधी पाणी फवारायची रीत आहे.

धुण्याभांड्याच्या मावशी एकदा दारात थबकल्या. "तात्या, चटईला पाणी घालायलात का?"

"हो."

"मग वाढंल का ती?"

यावर मला उत्तर सुचले नाही. रात्री झोपही लागली नाही. जे गवत पाणी मागत नाही म्हणून आणले, त्याला मी रोज पाणी पाजत होतो. आणि ज्या हरळीने जन्मात आमच्याकडे तांब्याभर पाणी मागितले नाही, जी १९७२च्या दुष्काळातही मुळाशी जीव धरून राहिली, तिला मी पैसे देऊन काढून टाकले होते. तिचा अपराध एवढाच, की उन्हाळ्यात ती पिवळी पडते. हिरवे बारा महिने हवे, हा हट्ट आमचा.

गणेशचतुर्थीला आमच्या मंडळींनी सकाळी मागचे दार उघडले आणि तशाच परत आल्या. "अहो, दूर्वा?" डोळे निवतील एवढे हिरवे अंगण, आणि त्यात एकवीस दूर्वा नव्हत्या. दूर्वा म्हणजे आमची हरळीच. वडील ती शेतातून उपटीत आणि आई अंगणातून खुडून देवाला वाही. घरात दोघांचे कधी भांडण झाले नाही. मी पिशवी घेऊन रेल्वेच्या भिंतीकडे गेलो.

परवा भिंतीलगतच्या कडेवर कोवळे काहीतरी दिसले. वाकून पाहिले. शिवणीतून वर आलेले तीन पात्यांचे टोक. सवयीने वडिलांचे खुरपे आणले, गुडघ्यावर बसलो, आणि तसाच उठलो. खुरपे जागेवर ठेवले.

रात्री पुण्याहून फोन आला. "बाबा, टर्फ कसे आहे? पाणी लागत नाही ना?"

"वीतभर जागेला मुळीच लागत नाही," मी म्हणालो.