ग्वाल्हेरच्या हवेतून गेलेलं

रेडिओची लाल सुई. १३८६ किलोहर्ट्झवर आकाशवाणी ग्वाल्हेर. केंद्र सुरू झालं १५ ऑगस्ट १९६४ला. दिवसा ही जागा खणखणीत लागायची. अंधार पडला की शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत सुई डावीकडे सरकायची, ५८५वर, नागपूरकडे. दिवसा आकाशातला एक खालचा थर मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि त्याच लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर पलीकडे उतरतात. ग्वाल्हेरहून नागपूर सरळ रेषेत साडेपाचशेच्या वर, मुंबई हजाराच्या आसपास. आवाज यायचा, खोल जायचा, मधेच दुसरं कुठलं तरी केंद्र डोकवायचं, पुन्हा यायचा. शाळा हिंदी, बाजार हिंदी, शेजार हिंदी. घराबाहेरच्या माणसाचं मराठी कानावर पडायचं ते असं, रात्री. पिढ्यान्‌पिढ्या चंबळेच्या काठी राहूनही आमची मराठी टिकली, त्यात या खरखरणाऱ्या आवाजाचा वाटा मोठा आहे असं मी मानतो.

आता एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांची खरखर मीडियम वेव्हच्या पट्ट्यावर पसरलेली असते. मोबाइलमध्ये मीडियम वेव्ह नाहीच. आणि एफएम नजरेच्या टप्प्यापलीकडे फारसं जात नाही. नागपूरचं एफएम कितीही स्वच्छ असलं तरी ते ग्वाल्हेरला येणार नाही.

जाळीची एरियल. गच्चीवर किंवा माडीत, दोन खिळ्यांच्या मध्ये ताणलेली तांब्याची पट्टी.

परवान्याचं पुस्तक. पोस्टात जायचं, वर्षाची फी भरायची, तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. १९८०च्या दशकात परवाना गेला. पुस्तकं मात्र काही घरांच्या ट्रंकेत अजून सापडतात, आणि कुठल्या वर्षी घरात रेडिओ आला याचा तेवढाच लेखी पुरावा असतो.

प्रसारणाच्या सभा. सकाळची, दुपारची, संध्याकाळची. सकाळी आधी वॉल्टर कॉफमन यांनी बांधलेली आकाशवाणीची ओळखधून, मग निवेदकाचा आवाज. दोन सभांच्या मध्ये केंद्र बंद. त्या शांततेवरून घरात वेळ कळायची.

फर्माइशीचं पोस्टकार्ड. सगळ्या घराची नावं त्यावर, अगदी पाळण्यातल्या मुलाचंसुद्धा.

नागपूरचा राष्ट्रीय चॅनेल. १८ मे १९८८ला सुरू झाला. एक हजार किलोवॉटचा ट्रान्समीटर, १५६६ किलोहर्ट्झ, रात्रभर प्रसारण. रेल्वेचे पॉइंट्समन, गुरखे, रुग्णालयांतल्या रात्रपाळीच्या परिचारिका अशा जाग्या माणसांसाठी याहून योग्य सोय देशाने केली नव्हती. डिसेंबर २०१८मध्ये तो बंद करण्याचा आदेश निघाला. खर्च वाचवणं हे कारण होतं.

गवयांसाठी स्टुडिओ. याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ग्वाल्हेरचं नाव जगात गेलं ते गाण्यामुळे, आणि त्या गाण्यात मराठी घरांचा जीव ओतलेला आहे. गवई कृष्णराव शंकर पंडित लष्करातले. १९१४मध्ये त्यांनी इथे शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं, १९७३मध्ये पद्मभूषण, १९८९मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, गेले. त्यांचं गाणं आज ऐकायला मिळतं ते मुख्यतः आकाशवाणीच्या ध्वनिमुद्रणांमुळे. १९४० ते १९७१ आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, म्हणून ग्वाल्हेर केंद्राची पहिली सात वर्षं पेटीविनाच गेली. केंद्रावर पगारी वादक असत, तबल्याचे, सारंगीचे. गायकाला ऑडिशन द्यावी लागे आणि श्रेणी मिळे: बी, बी-हाय, ए, टॉप. ‘बी-हाय झालं’ ही बातमी गल्लीत पेढे वाटण्याइतकी मोठी होती. त्या श्रेणीमुळे छोट्या गावातल्या गाणाऱ्या मुलीलाही वर्षातून काही वेळा मानधन मिळायचं, आणि तिच्या गाण्याला घरात मान मिळायचा. निवृत्त झालेल्या वादकांच्या जागा देशभरच्या बहुतेक केंद्रांत भरल्या गेल्या नाहीत. सारंगीची खुर्ची रिकामी झाली, की त्या शहरात सारंगी शिकण्याचं एक कारणही संपतं.

भिंड-मुरैन्याचा श्रोता. मीडियम वेव्ह बीहडांतून, घळींतून जायची. ट्रॅक्टरवर, विहिरीवर, तुरुंगात, पोलीस चौकीत ग्वाल्हेर लागायचं. खासगी एफएम शहरासाठी. जाहिरात देणारं दुकान शहरात, गिऱ्हाईकही शहरातलं. मुरैना ओलांडून पुढे गेलं की तो आवाज विरळ होत जातो.

केंद्राचा मालक. तो कोण हे पूर्वी विचारावं लागत नव्हतं. ९२.७ बिग एफएमचं उदाहरण घ्या. अनिल अंबानींच्या समूहाचं हे जाळं २०१९मध्ये ‘रेडिओ सिटी’ चालवणाऱ्या कंपनीने घ्यायचं ठरवलं. मूल्य धरलं होतं १०५० कोटी. सरकारची मंजुरी आली नाही, व्यवहार मोडला. फेब्रुवारी २०२३मध्ये बिग एफएमची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मे २०२४मध्ये कंपनी न्यायाधिकरणाने सफायर मीडियाची योजना मंजूर केली, सुमारे २६० कोटींची. देशभरची ५८ केंद्रं एका गठ्ठ्यात. ग्वाल्हेर त्यातलं एक. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये सांगितलं आहे. तरी ग्वाल्हेरच्या हवेतली ९२.७ ही जागा कुणाकडे जावी, हे ग्वाल्हेरकरांना कुणी अधिकृतपणे विचारलं नाही. मला हे गैर वाटतं.

शहराची बातमी. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. २०११च्या धोरणाने आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावण्याची मुभा दिली. हवामान, वाहतूक, पाणी, वीज यांच्या सूचना चालतात. ऑगस्ट २०२१मध्ये सिंध आणि चंबळ या नद्यांना पूर आला, दतिया जिल्ह्यात सिंधेवरचे पूल वाहून गेले. अशा वेळी वीज जाते, मोबाइलचे मनोरे बंद पडतात. दोन सेलवर चालतो तो रेडिओच. पण कुठल्या गावचा रस्ता तुटला हे सांगायला गाव माहीत असलेला निवेदक केंद्रावर बसलेला लागतो. मुंबईत ध्वनिमुद्रित झालेला कार्यक्रम ते सांगू शकत नाही.

रेडिओवरून भरलेली कॅसेट. ही गोष्ट वाचवणं अजून आपल्या हातात आहे. लष्करात, कंपूत, दौलतगंजात, आणि इथून पुण्या-इंदूरला गेलेल्या घरांतही, कुणाच्या आजोबांनी ग्वाल्हेर केंद्रावरून गाणं भरून ठेवलेलं असणार. वेष्टनावर निळ्या शाईत राग, गवई, तारीख. अशी कॅसेट तुमच्याकडे असेल तर ती पुसू नका, भंगारात देऊ नका. तिची डिजिटल प्रत काढून घ्या, वेष्टनाचा फोटो सोबत ठेवा, आणि एक प्रत ग्वाल्हेरच्या राजा मानसिंह तोमर संगीत विद्यापीठात नेऊन द्या. चुंबकीय फीत दमट कपाटात फार वर्षं टिकत नाही, तेव्हा हे याच वर्षी करा.